कच्ची वही घरात ठेवा! एका संगणकावर तीन संकेतस्थळांचा सराव



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील वधू-वर सूचक मंडळाने वर्गणी गोळा करून संकेतस्थळ काढले. एका कंपनीकडून त्यासाठी इंटरनेटवर जागा भाड्याने घेतली. वस्तीतील हौशी मुले कामाला लागली. संकेतस्थळ सुरू झाले, नोंदणीही बरी झाली. पुढे मुलांना त्यात शोधण्याची नवी सोय करून पाहायची होती. म्हणून एका मुलाने त्याच भाड्याच्या जागेत 'टेस्ट' नावाचे फोल्डर केले आणि खऱ्या यादीची जशीच्या तशी नक्कल त्यात टाकली. खऱ्या यादीला पासवर्ड होता, नकलेला नव्हता. "सरावाचं तर आहे, कोण बघतंय?" असे त्याला वाटले. तपासणीसाठी मुख्य पानावर दिलेला एक दुवा काढायचा राहून गेला आणि त्याच वाटेने इंटरनेटवरचे शोधयंत्र आत शिरले.

तीन आठवड्यांनी एका मुलीचे वडील कामावरून परस्पर आमच्या दारात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, माझ्या लेकीचा नंबर परक्या माणसांना कसा सापडला? दिवसाला आठ-दहा फोन येतात. पोरगी कामावर जायला घाबरते."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते फोल्डर त्याच रात्री काढून टाकले, पण गेलेला नंबर परत थोडाच येतो? मुलीला नंबर बदलावा लागला. त्या मुलाची नियत वाईट नव्हती. चूक एकच झाली. कच्चे काम त्याने पक्क्या जागेवर केले.

आम्ही पेशाने कारकून. हिशेबाच्या कामात एक साधा नियम असतो. पक्क्या खतावणीत खाडाखोड चालत नाही. आधी कच्च्या वहीत मांडावे, बेरीज जुळली की मग पक्क्या वहीत उतरवावे. आणि प्रत्येक खात्याची कच्ची वही वेगळी असावी, नाहीतर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते. संकेतस्थळालाही हाच नियम लागू आहे. त्याची कच्ची वही म्हणजे घरचा वेब सर्व्हर. एका जुन्या संगणकावर एकच नव्हे, तर तीन-चार संकेतस्थळांच्या वेगवेगळ्या कच्च्या वह्या ठेवता येतात. हे कसे करावे, ते आम्ही शेजारच्या एका मुलीच्या मदतीने शिकलो. ती बी.एस्सी. आय.टी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे पुस्तकी ज्ञान आणि आमची कारकुनी चिकाटी, अशी ही जोडी होती.

वेब सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हटले की मोठी थंड खोली आणि लाखो रुपयांची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. कुणी पान मागितले की ते कपाटातून काढून द्यायचे, एवढेच त्याचे काम. आमच्या कचेरीतला रेकॉर्ड-कीपर फाईल काढून देतो, तसेच. 'अपाचे' नावाचा असा प्रोग्राम १९९५ सालापासून फुकट मिळतो. तो ज्यावर चालतो ती 'डेबियन लिनक्स' ही कार्यप्रणालीही १९९३ पासून लोकांनी मिळून वाढवलेली आणि विनामूल्य आहे. नवे विंडोज ज्याला झेपत नाही, असा माळ्यावर टाकलेला संगणक या कामाला सहसा पुरतो. आमचाही तसाच होता.

मागणारा आणि देणारा एकाच संगणकात असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. त्याच यंत्रावर ब्राउझर उघडून त्याच यंत्राकडे पान मागता येते. प्रत्येक संगणक स्वतःला १२७.०.०.१ या क्रमांकाने ओळखतो. हा क्रमांक म्हणजे 'मी स्वतः'. तेव्हा सरावासाठी इंटरनेट चालू असण्याचीही गरज नाही.

एक चाळ, तीन पाट्या

आम्ही तीन संकेतस्थळांचा सराव करायचे ठरवले : वाचनालयाचे, महिला बचत गटाचे आणि वधू-वर मंडळाचे. मुलीची आई म्हणाली, "अहो भाऊजी, संगणक एक आणि दुकानं तीन? गिऱ्हाईक कुठल्या दुकानात आलं हे त्या यंत्राला कळणार कसं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. उत्तर आपल्या चाळीत आहे. चाळीचा पत्ता एक, फाटक एक, पण खोल्या चाळीस. पोस्टमन पाकिटावरचे नाव वाचतो आणि त्या खोलीत पत्र टाकतो. पाकिटावर नुसता चाळीचा पत्ता असेल, तर ते कुणाला द्यायचे?

इंटरनेटवर सुरुवातीला नेमकी हीच अडचण होती. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागायचा, पण कोणत्या नावाच्या संकेतस्थळाचे पान हवे ते सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा क्रमांक द्यावा लागे, आणि जुन्या पद्धतीचे असे क्रमांक सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. जानेवारी १९९७ मध्ये या देवाणघेवाणीचे नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ब्राउझरने प्रत्येक मागणीत 'होस्ट' नावाची ओळ लिहिणे सक्तीचे झाले. 'होस्ट' म्हणजे यजमानाचे नाव, पाकिटावरचे नाव. त्या एका ओळीमुळे आज एका क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे सुखाने नांदतात. भाड्याने जागा देणाऱ्या कंपन्यांचा स्वस्तातला धंदाही तिच्यावरच चालतो. घरात आपण तेच लहान प्रमाणावर करायचे आहे. अपाचेच्या भाषेत अशा प्रत्येक खोलीला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात.

नाव कोणते द्यावे?

सरावाच्या संकेतस्थळाला मनाला येईल ते नाव देऊ नये. जून १९९९ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी काही शेवटची नावे कायमची राखून ठेवली. त्यांतले 'डॉट टेस्ट' हे खास चाचणीसाठी आहे. या शेवटाचे नाव जगात कुणालाही विकत मिळत नाही, म्हणून आपला सराव खऱ्या कुणाच्या पत्त्याशी धडकत नाही. पूर्वी पुष्कळ जण 'डॉट डेव्ह' वापरत. पण ते आता खरे, विकत मिळणारे नाव आहे. डिसेंबर २०१७ पासून क्रोम ब्राउझर त्या नावासाठी कुलूपबंद, म्हणजे 'एचटीटीपीएस', वाटच धरतो. अनेकांचे घरचे सराव त्यामुळे एका रात्रीत बंद पडले. आम्ही नावे ठेवली : 'वाचनालय डॉट टेस्ट', 'बचतगट डॉट टेस्ट' आणि 'वधूवर डॉट टेस्ट'.

प्रत्यक्ष काम

खालील नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. संगणकात ती इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.

१. डेबियन बसवून झाल्यावर 'अपाचे२' हे पॅकेज बसवावे. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ टाकल्यावर अपाचेचे स्वागताचे पान दिसले, की सर्व्हर जिवंत आहे असे समजावे.

२. 'व्हार' फोल्डरातील 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू' या फोल्डरात तीन नवे फोल्डर करावेत, प्रत्येक संकेतस्थळाला एक. प्रत्येकात 'इंडेक्स' नावाचे एक साधे पान ठेवावे. त्यावर सुरुवातीला फक्त संकेतस्थळाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. कोणती खोली उघडली ते लगेच कळते.

३. अपाचेच्या 'साईट्स-अव्हेलेबल' या फोल्डरात '०००-डिफॉल्ट' नावाची नमुना फाईल असते. कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नये. या नमुन्याच्या तीन नकला काढाव्यात. नकलेच्या नावाचा शेवट 'डॉट कॉन्फ' असाच हवा. प्रत्येक नकलेत तीन ठिकाणी बदल करावा. 'सर्व्हरनेम' या ओळीत पाटीवरचे नाव लिहावे. नमुन्यात या ओळीच्या आधी '#' खूण असते, ती काढून टाकावी, नाहीतर अपाचे ती ओळ वाचतच नाही. 'डॉक्युमेंटरूट' या ओळीत त्या संकेतस्थळाचा फोल्डर लिहावा. आणि चुकांची नोंदवही व भेटींची नोंदवही यांना वेगवेगळी नावे द्यावीत. कारकुनाचा अनुभव सांगतो की तीन खात्यांची एकच नोंदवही ठेवली, तर चूक कुणाची ते शोधण्यात दिवस जातो.

४. 'ए-२-एनसाईट' या आज्ञेने प्रत्येक संकेतस्थळ चालू करावे. नंतर 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा द्यावी. लिखाणात चूक असेल, तर ती सहसा ओळीच्या क्रमांकासह सांगते. 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर आल्यावरच अपाचेला नव्या फाईली वाचायला, म्हणजे 'रीलोड' व्हायला, सांगावे. ही पायरी कधीही गाळू नये. बेरीज तपासल्याशिवाय पान उलटू नये, तसेच हे.

५. आता शेवटचे. 'वाचनालय डॉट टेस्ट' हे नाव जगाच्या यादीत नाही, मग ब्राउझरला ते सापडणार कसे? त्यासाठी प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची छोटी फाईल असते. १९८३ साली नावे शोधण्याची आजची व्यवस्था निघाली. त्यापूर्वी त्या काळच्या जाळ्यातील सगळ्या यंत्रांची अशी एकच यादी अमेरिकेतील एका संस्थेत ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. ती प्रथा मागे पडली, पण फाईल आजही प्रत्येक यंत्रात आहे. लिनक्समध्ये ती 'ईटीसी' फोल्डरात सापडते. तिच्यात एका ओळीवर १२७.०.०.१ आणि त्यापुढे आपली तिन्ही नावे, मध्ये जागा सोडून लिहावीत. झाले! ब्राउझर आधी घरची यादी पाहतो आणि नाव तिथेच मिळते.

पत्ता टाकताना नावाआधी 'एचटीटीपी' आणि पुढची चिन्हे पूर्ण लिहावीत. नाहीतर काही ब्राउझर त्या नावाचा इंटरनेटवर शोध घ्यायला निघतात.

घरी फक्त विंडोजचा संगणक असेल तरी अडून बसू नये. २००२ पासून मिळणाऱ्या 'झॅम्प' या फुकट संचात अपाचे, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतात. तिथे सर्व पाट्या 'एचटीटीपीडी-व्हीहोस्ट्स' या एकाच फाईलमध्ये लिहितात. विंडोजची 'होस्ट्स' फाईल बदलताना नोटपॅड 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावे लागते.

हटकून होणाऱ्या चुका

पहिल्या रात्री आमचे काय झाले? तिन्ही नावांना एकच पान दिसू लागले. आम्ही दोन तास डोके धरून बसलो. मग मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही फाईली लिहिल्यात, पण चालू कुठं केल्यात?" खरेच, चौथी पायरी राहिली होती. अपाचेचा नियम असा आहे की मागितलेले नाव कोणत्याच पाटीशी जुळले नाही, तर तो यादीतील पहिल्या संकेतस्थळाचे पान देतो. फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, आणि '०००' हा आकडा म्हणूनच नमुना फाईलला दिलेला आहे, ती पहिली यावी म्हणून. तेव्हा भलतेच पान दिसले, तर नाव जुळलेले नाही असे समजावे. स्पेलिंग तपासावे, 'होस्ट्स' फाईल तपासावी. 'अपाचेसीटीएल'ला मोठे 'एस' जोडून विचारले, तर कोणते नाव कोणत्या फाईलकडे जाते त्याची पूर्ण यादीच तो दाखवतो.

दुसरी चूक म्हणजे 'फॉरबिडन', अर्थात 'मनाई' असा शेरा येणे. संकेतस्थळाचा फोल्डर नेहमीच्या जागेऐवजी आपल्या खासगी फोल्डरात ठेवला की असे होते. अपाचेला तिथे शिरण्याची परवानगी नसते. फोल्डर सांगितलेल्या जागीच ठेवावा.

तिसरी चूक डेटाबेसची. बचत गटाचे आणि वाचनालयाचे संकेतस्थळ एकाच डेटाबेसवर चालवू नये. प्रत्येकाला वेगळा डेटाबेस, वेगळे वापरनाव, वेगळा पासवर्ड. नाहीतर पुस्तकांची यादी पुसताना बचतीचे हप्तेही पुसले जातील.

मोबाईलवर कसे पाहावे?

आपल्या घरांतून आज संगणकापेक्षा मोबाईल जास्त आहेत, आणि वाचक पान मोबाईलवरच बघणार. मात्र मोबाईलमधील 'होस्ट्स' फाईल सहसा बदलता येत नाही. अशा वेळी दुसरी युक्ती आहे, दारांची. चाळीला एकाऐवजी तीन दरवाजे करायचे. घरच्या वायफायवर प्रत्येक यंत्राला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांपैकी हे आहेत आणि ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. अपाचेच्या 'पोर्ट्स' या फाईलमध्ये ८०८१, ८०८२, ८०८३ या दारांवर कान देण्यास सांगावे, म्हणजे 'लिसन' ही ओळ तीनदा लिहावी. प्रत्येक संकेतस्थळाच्या फाईलमध्ये वर जिथे ८० हा आकडा आहे, तिथे त्याचे दार लिहावे. मग त्याच वायफायवरील मोबाईलमध्ये संगणकाचा क्रमांक, विसर्गासारखी खूण आणि दाराचा क्रमांक टाकला, की पान उघडते. हा बदल केल्यावर संगणकावरही नावापुढे दाराचा क्रमांक लिहावा लागतो.

यात एक गोम आहे. ब्राउझर आपल्या लॉगिनची चिठ्ठी, जिला 'कुकी' म्हणतात, ती नावानुसार ठेवतो. दार वेगळे असले तरी तो भेद करीत नाही. त्यामुळे मोबाईलवर एका संकेतस्थळात लॉगिन केले की कधी कधी दुसऱ्यातले लॉगिन तुटते. बिघाड समजून घाबरू नये. नावे वेगळी ठेवली की हा गोंधळ होत नाही. म्हणून मुख्य सराव नावांवर करावा आणि दारे फक्त मोबाईलवर पाहण्यापुरती ठेवावीत.

खरी नावे नकोत

आता सर्वांत महत्त्वाचे. सरावाच्या संकेतस्थळात खऱ्या माणसाचे नाव, नंबर, पत्ता, फोटो कदापि टाकू नये. 'वधू क्रमांक १', 'वर क्रमांक २', फोनच्या जागी दहा शून्ये, असेच लिहावे. बचत गटाच्या खात्यातही काल्पनिक आकडे घालावेत. संगणक दुरुस्तीला जातो, पेनड्राईव्ह हरवतो, पाहुण्याचे पोर घरच्या वायफायवर येते. खोटी नावे बाहेर गेली तर कुणाचे काही बिघडत नाही.

राऊटरमधून बाहेरच्या जगासाठी वाट उघडून देण्याचे, म्हणजे 'पोर्ट फॉरवर्डिंग'चे, सल्ले पुष्कळ जण देतात. सरावासाठी त्याची गरज नाही. उलट मोबाईलवर पाहायचे नसेल, तेव्हा 'लिसन' या ओळीत आकड्याआधी १२७.०.०.१ लिहावे. मग सर्व्हर त्या एका यंत्राबाहेर कुणाचेच ऐकत नाही. शोधयंत्रांना 'येऊ नका' म्हणणारी 'रोबोट्स' नावाची फाईल असते, तिच्यावरही विसंबू नये. ती विनंतीची पाटी आहे, कुलूप नव्हे.

खर्च किती?

अपाचे फुकट, डेबियन फुकट, 'डॉट टेस्ट' नाव फुकट. खर्च विजेचा. साठ वॅट खाणारा संगणक रोज चार तास चालला, तर महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज लागते. काम संपल्यावर तो रीतसर बंद करावा; खटका ओढू नये, डेटाबेस बिघडतो. आठवड्यातून एकदा तिन्ही फोल्डर आणि डेटाबेसची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यावी.

त्या मुलीने या संगणकावर वाचनालयाचे पान निदान वीस वेळा मोडले आणि वीस वेळा उभे केले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला आठवड्याचे दोन तास येतात, तेही एका यंत्रावर तिघी मिळून. मोडायला घाबरणारा विद्यार्थी शिकत नाही, आणि दुसऱ्याच्या मालावर मोडतोड करू कोण देणार? घरच्या कच्च्या वहीत तिला ती मुभा मिळाली. बाकीचे तिचे ती शिकली.

वधू-वर मंडळाची शोधण्याची सोयही पुढे महिनाभर याच यंत्रावर, 'वधू क्रमांक १' आणि 'वर क्रमांक २' यांच्या जोरावर तपासली गेली. नंतरच ती खऱ्या जागेवर नेली. आता ती नीट चालते. पण त्या दिवशी आमच्या दारात आलेल्या वडिलांनी लेकीचे नाव यादीतून काढले, ते अजून पुन्हा घातलेले नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. आकडा चुकला तर खोडून दुसरा लिहिता येतो. माणसाचा विश्वास तसा खोडून लिहिता येत नाही.

तेव्हा पालकांनो, माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी थोडे थांबा. घरातील मुलगा किंवा मुलगी या विषयाचे काही शिकत असेल, तर तो खाली उतरवा, धूळ झटका आणि त्यांच्या हवाली करा. आणि सांगा, पोरांनो, इथे हवे तेवढे चुका. बाहेर मात्र बेरीज जुळल्यावरच न्या.